आठ दिवसांचं लोणचं

रात्री पावणेबाराला मोबाइलवर 'आई' असं झळकलं की आपल्या पोटात गोळा येतो. घरापासून लांब राहणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव असेल. नोव्हेंबरच्या शेवटी असाच फोन आला. मी धडपडत उठले.

"काय झालं?"

"तुझ्या बाबांना रंगेहाथ पकडलंय."

"म्हणजे?"

"ओट्यापाशी उभे होते. अंधारात. बरणी काखेत आणि चमचा तोंडात."

आधी मी हसले. मग कळलं की बरणी माळ्यावर होती. म्हणजे सहासष्ट वर्षांचा माणूस, दिवे न लावता, स्टुलावर चढला होता. एका कैरीच्या फोडीसाठी!

थोडी पार्श्वभूमी. दिवाळीनंतर बाबांचं बीपी तपासलं, ते निघालं १७०/१००. दोनतीनदा तपासलं तरी तेच. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पापड, फरसाण, लोणचं बंद. पापड आणि फरसाण बाबांनी तक्रार न करता सोडलं. आयुष्यभर बँकेत काढलेला शिस्तीचा माणूस. पण लोणचं? आमचे बाबा वरणभाताबरोबर लोणचं खातात, दहीभाताबरोबर खातात, थालीपिठाबरोबर खातात आणि शिऱ्याबरोबरही खातात. पाहुण्यांकडे गेले की पानात डावीकडे आधी नजर जाते.

"द्या फोन त्यांना," मी म्हटलं.

"एक फोड होती. एकच," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही स्टुलावर चढलात?"

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "जेवण घशाखाली उतरत नाही गं."

आता यावर काय बोलणार? आईने नंतर सांगितलं, दोन पोळ्यांची एक झालीय, भात तर नुसता चिवडतात. चिडचिड वेगळीच. मी इथे पुण्यात, ते तिकडे सांगलीत. मध्ये पाच तासांची एसटी. फोनवरून मी फार तर 'काळजी घ्या' म्हणू शकते, आणि ते वाक्य मला स्वतःलाच ऐकवत नाही.

झोप उडालीच होती. पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि वरच्या कप्प्यात माझ्याच चार बाटल्या दिसल्या. गाजराचं लोणचं, व्हिनेगरमधला कांदा, मिरचीचं लोणचं, आणि एक आता ओळखू न येणारी वस्तू. मला म्हणायचं होतं ते सगळं त्या कप्प्यात होतं, फक्त तोवर माझी ट्यूब पेटली नव्हती.

तर मंडळी, या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच, मला स्वयंपाक येतो म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. लोणचं घालणं वगैरे आपल्या लीगच्या बाहेरचं. ते आईचं खातं. मे महिन्यात राजापुरी कैऱ्या बघून घ्यायच्या, बाजारातच मोठ्या अडकित्त्याने फोडून आणायच्या, फोडी पुसायच्या, मीठ भाजायचं, मसाला कुटायचा, तेल कडकडीत करून गार करायचं, बरणीला दादरा बांधायचा, आणि मग त्या बरणीच्या आसपास कुणी ओल्या हाताने फिरकलं तर घर डोक्यावर घ्यायचं. माझ्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे करायला ना जागा, ना वेळ, ना धीर. मी सुरू केलं ते फ्रिजमधलं लोणचं. कारण एकच: डबा. ऑफिसात पाचजणी मिळून जेवतो आणि माझी भाजी रोज सगळ्यांत बोअर असते. एकदा रूममेटने गाजराचं ताजं लोणचं करून दिलं आणि त्या दिवशी माझा डबा सगळ्यात आधी संपला. रूममेट नागपूरची. तिच्या मते लोणच्याला वीस मिनिटांच्या वर वेळ लागला तर तो आपल्या आयुष्याचा अपमान आहे.

हे काही पाश्चात्त्य खूळ नाही, हेही सांगून टाकते. परदेशी कुकरी शोमध्ये 'क्विक पिकल' म्हणून जे दाखवतात ते आपल्याकडे कायम होतं. आपल्या घरांत साठवणीचं लोणचं आणि ताजं लोणचं ही दोन वेगळी खाती आहेत. कैरी-गुळाचा मेथांबा कुणी वर्षभर ठेवत नाही. कैरी किसून केलेला तक्कू दोन दिवसांत संपतो. लग्नाच्या पंगतीत डावीकडे वाढलेलं फ्लॉवर-गाजराचं लोणचं आदल्या रात्री केलेलं असतं. आजी त्याला 'तात्पुरतं लोणचं' म्हणायची, आणि तिच्या तोंडी त्यात जराही कमीपणा नसायचा.

मग मी कॅल्क्युलेटर काढला. (हो, रात्री साडेबाराला. इंजिनीअर आहे, सवय जात नाही.) आईचं प्रमाण मला पाठ आहे: किलोभर फोडींना पाव किलो मीठ, पाव किलो तेल आणि शंभरेक ग्रॅम मसाला. म्हणजे एकूण सोळाशे ग्रॅम लोणच्यात अडीचशे ग्रॅम मीठ. साधारण पंधरा टक्के. खारासकट एक चमचा लोणचं दहा ग्रॅमचं धरा. त्यात दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. बाबा दिवसाला तीन चमचे लोणचं सहज खायचे. म्हणजे साडेचार ग्रॅम नुसतं लोणच्यातून. आमटी, भाजी, पोळी अजून मोजलेलीच नाही.

आकडा बघून मी जरा वेळ गप्प बसले.

पण आई इतकं मीठ का घालते? चवीसाठी नाही. मीठ फोडींमधलं पाणी ओढून घेतं आणि जंतूंना जगायला पाणीच उरत नाही. कैरीचा आंबटपणा त्यांना आणखी छळतो. वर तेलाचा थर हवा अडवतो, म्हणजे बुरशी धरत नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, तेव्हाही बाहेर ठेवलेली बरणी शाबूत राहते ती यामुळे. थोडक्यात फंडा असा की फ्रिजचं काम ते मीठ करत होतं. आता आपल्या घरात फ्रिज आहे. मग फ्रिजचं काम फ्रिजला करू द्या आणि मिठाला फक्त चवीचं काम द्या. फक्त एक अट आहे. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते मंदावतात. म्हणून हे लोणचं वर्षाचं नाही, आठ दिवसांचं. जास्त करायचं नाही, आठवड्याला संपेल एवढंच.

दुसऱ्या दिवशी आईला हे सांगितलं. आपण काहीतरी भारी शोध लावलाय अशा थाटात सांगितलं, हा माझा गाढवपणा. दीड ग्रॅम, पंधरा टक्के, सगळं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पस्तीस वर्षं मी त्यांना हे खायला घातलं."

मी गडबडीने म्हटलं, अगं तसं नाही, बीपीला शंभर कारणं असतात, आजोबांनाही होतंच की. पण वाक्य जाऊन बसलं होतं. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. कुणाच्या आईच्या लोणच्याबद्दल आकडेवारी मांडायची असेल तर समोर बसून, चहा घेत, हळूहळू मांडा. फोनवर नको.

डिसेंबरभर मी बाबांसाठी लोणचं जमवत होते. म्हणजे लॅब म्हणा. आधी सोपे पर्याय बाद केले. सैंधव घाला, त्याने काही होत नाही, असं मला चार जणांनी सांगितलं. त्यातले दोघे चांगले शिकलेले. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, गुलाबी असलं तरी. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढून भलताच लोच्या होऊ शकतो. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणायचं नाही. मग उरतं काय? साधंच मीठ, पण कमी. आणि ते कमी आहे हे जिभेला कळू नये म्हणून बाकी सगळं जोरात: आंबट, तिखट आणि मोहरीचा झणका.

झणक्यावर मी तीन रविवार घालवले, म्हणून यावर जरा सविस्तर बोलते. पहिल्या दोन वेळा माझं गाजराचं लोणचं कडवट आणि मुळमुळीत झालं. रूममेट घरी गेली होती, विचारणार कुणाला? आईशी अजून जरा अवघडलेपण होतं. शेवटी तिलाच फोन लावला. तिने एकच प्रश्न विचारला, "मोहरी फेसलीस का?"

मोहरीची डाळ कोरडी वाटली तर तिला फारसा झणका नसतो. तो तयार व्हावा लागतो. दाणा फुटला आणि त्याला गार पाणी लागलं की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि नाकात जाणारं तेल तयार होतं. वेळ लागतो, पाच-दहा मिनिटं. गरम काही ओतलं की ते एन्झाइम गारद. लगेच लिंबू पिळलं तरी ते मंदावतं. मी दोन्ही करत होते, फोडणी गरमच ओतत होते आणि लिंबूही आधीच पिळत होते. आई हे सगळं शास्त्र न सांगता एवढंच म्हणाली, "नाकाला झोंबेपर्यंत फेस, मग पुढचं." आईकडून कधी काय शिकायला मिळेल सांगता येत नाही. आणि हो, त्या फोननंतर आमचं नीट बोलणं सुरू झालं.

आता कृती. लाल गाजरं पाव किलो, फ्लॉवरचे छोटे तुरे दीडशे ग्रॅम, मटार शंभर ग्रॅम. गाजराच्या काड्या करा. फ्लॉवर आणि मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून उपसा आणि कापडावर पसरून अगदी कोरडे होऊ द्या. इथे घाई करू नका, पंख्याखाली तासभर राहू देत. तोवर मोहरीची डाळ तीन पोह्याचे चमचे घेऊन मिक्सरमधून फिरवा, त्यात चार चमचे गार पाणी घालून चमच्याने जोरजोरात फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण उघडून वास घेतल्यावर डोळ्यांत पाणी आलं तर जमलं. मग पाच लिंबांचा रस. मीठ चहाचे दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण बारा ग्रॅम. तिखट आपल्या हिमतीप्रमाणे. चार मोठे चमचे तेलाची फोडणी करा: मोहरी, हिंग, अर्धा चमचा हळद, चिमूटभर मेथीपूड. ती पूर्ण गार झाल्यावरच भाज्यांवर घाला. सगळं कालवून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा आणि थेट फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी खा, तिसऱ्या दिवशी सगळ्यात बेस्ट लागतं. वेळ नसेल तर बेडेकर, केप्र, प्रवीण, कुठलाही तयार लोणचे मसाला चालेल, पण पाकीट वाचा. अनेक मसाल्यांत मीठ आधीच असतं. ते धरून वरचं मीठ घाला.

हिशेब: हे सगळं मिळून साधारण सातशे ग्रॅम भरतं, त्यात मीठ बारा ग्रॅम. दहा ग्रॅमच्या चमच्यात पाव ग्रॅमही नाही. आईच्या लोणच्याच्या आठ-नऊपट कमी. मी जाम खूश.

दुसरा प्रकार ओल्या हळदीचा. थंडीत मंडईत ओली हळद आणि आंबेहळद शेजारी शेजारी दिसतात. ओली हळद आतून भडक केशरी, आंबेहळद फिकट आणि कैरीच्या वासाची. दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम, बोटभर आलं, दोन हिरव्या मिरच्या. सगळ्याच्या अगदी बारीक काड्या, सहा लिंबांचा रस, मीठ चहाचा दीड चमचा. बस. फोडणीही नाही. रस काड्यांच्या वर आला पाहिजे, कमी वाटला तर आणखी एक लिंबू. दोन दिवसांनी मुरतं. यात आंबट इतकं असतं की फ्रिजमध्ये पंधरा दिवस सहज राहतं. चिरताना हातमोजे घाला. मी नाही घातले, सोमवारच्या क्लायंट मीटिंगला माझी दहाही बोटं पिवळी होती, आणि व्हिडिओ कॉलवर मी हातवारे फार करते.

व्हिनेगरमधला कांदा तुम्हाला येत असेलच, ढाब्यावर मिळतो तो. छोटे कांदे, बिटाची एक चकती रंगापुरती, चार मिरी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर आणि गरम केलेलं व्हिनेगर-पाणी. एक सावधगिरी. परदेशी कृतींत व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं सांगतात, पण तिथलं व्हिनेगर साधारण पाच टक्क्यांचं असतं. आपल्याकडचं स्वस्त पांढरं व्हिनेगर चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून तीन भाग व्हिनेगरला एकच भाग पाणी. हा कांदा पराठ्याबरोबर झकास, सँडविचमध्ये झकास. मिसळीबरोबर मात्र नको. तिथे कच्चा कांदा आणि लिंबू, यावर मी वाद घालायला तयार नाही.

आता वाट कशी लागते तेही सांगते, कारण माझी लागलीय.

लसणाच्या पाकळ्या लिंबात घातल्या, सकाळी बघते तर निळसर-हिरव्या! रूममेट किंचाळली. मी बाटली फेकली. नंतर कळलं की आंबटात लसूण कधी कधी निळा पडतो आणि खायला काही हरकत नसते. फुकट गेला बिचारा. पण लसणाच्या बाबतीत खरी भीती वेगळीच आहे. नुसता लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं, हे कृपया करू नका. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबट नसतं आणि अशा जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. त्याला वास नाही, चव नाही. लसूण हवा तर भरपूर लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये, आणि फ्रिजमध्येच.

फ्रिजमध्येही कुठे? आपण बाटल्या दारात ठेवतो, आणि दार हीच फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा. दिवसातून पन्नासदा उघडतं. लोणचं आतल्या कप्प्यात, मागे. ओला चमचा नाही, बोट तर नाहीच. लोणचं चिकट झालं, त्यातून बुडबुडे आले किंवा वर पांढरं दिसलं तर पूर्ण बाटली बाहेर. 'वरचं काढून टाकलं, खालचं चांगलं आहे' हा डायलॉग आईच्या पंधरा टक्के मिठाच्या बरणीलाही शोभत नाही, आपल्या दोन टक्क्यांना तर नाहीच नाही. आणि बाटलीवर तारीख लिहा. मला ओळखू न आलेली ती चौथी वस्तू, ती सप्टेंबरमधली काकडी होती. अधिक बोलत नाही.

जानेवारीत भोगीला सांगलीला गेले. स्वारगेटहून एसटी, मांडीवर थर्मोकोलचा डबा, त्यात बर्फाची पाकिटं आणि दोन बाटल्या. शेजारच्या काकूंनी कराडपर्यंत धीर धरला, मग विचारलंच, "औषधं आहेत का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं."

भोगीचं जेवण म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. आईने पान वाढलं आणि डावीकडची जागा मोकळी ठेवली. ती तिथली मोकळी जागा बघवत नव्हती. मी गाजराचं लोणचं वाढलं. बाबांनी चमच्यात घेऊन बघितलं, वास घेतला, खाल्लं. चेहऱ्यावर काही नाही. बँकेत कर्जाचा अर्ज वाचताना असा चेहरा असायचा.

"हे लोणचं नाही," बाबा म्हणाले. "ही कोशिंबीर आहे."

माझा चेहरा पडला. आई माझ्याकडे बघत होती. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "झणका बरा आहे." मग आणखी थोडं मागितलं. मग आणखी. दुसरी भाकरी घेतली. दोन महिन्यांनी दुसरी भाकरी! आई स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मी हवेत होते. रात्री बाटली बघितली तर पाऊण रिकामी. वाटीने खाल्लं होतं! आता करा हिशेब. सातशेतले पाचशे ग्रॅम एका दिवसात, तिघांत मिळून असले तरी निम्म्याहून जास्त बाबांचंच. अडीचशे ग्रॅम म्हणजे चार ग्रॅमच्या वर मीठ. आठपट कमी मिठाचं लोणचं माणसाने पंचवीसपट खाल्लं, तर कॅल्क्युलेटर काय करणार? कोशिंबीर म्हटलं ना, मग कोशिंबिरीसारखंच खाल्लं. चूक माझीच. मी मीठ कमी केलं आणि 'चमचाभर' हा शब्द सांगायला विसरले.

सकाळी चहाला तिघं बसलो. या वेळी समोरासमोर. मी आकडे मांडले, पण आधी आईला म्हटलं, फेसलेल्या मोहरीशिवाय हे जमलंच नसतं. बाबा ऐकत होते. ते आकड्यांचे माणूस आहेत, त्यांना 'बंद' या शब्दाचा राग होता, आकड्याचा नाही. "म्हणजे मला बजेट द्या ना," म्हणाले. डॉक्टरांना दाखवायला मी वजनं आणि मीठ कागदावर लिहून दिलं. पुढच्या तपासणीला बाबा तो कागद खरंच घेऊन गेले. डॉक्टरांनी वाचला, हसले आणि म्हणाले, जेवणात चमचाभर, दोन वेळा, पण मग आमटीतलं मीठ त्या हिशेबाने उतरवा. गोळी चालू. गोळी लोणच्याने सुटत नाही, याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

आता परिस्थिती अशी. आईने यंदा कैरीचं लोणचं पाच किलोंऐवजी दोनच किलो घालायचं ठरवलंय, तेही मुख्यतः मला आणि मावशीला देण्यासाठी. त्यातली एक फोड, खार झटकून, बाबांना रविवारी मिळणार. ही तडजोड त्या दोघांनी माझ्या गैरहजेरीत केली, त्यामुळे ती टिकेल असं मला वाटतं. आठवड्याचं लोणचं मात्र आता बाबा स्वतः करतात. आई सांगते, वजनकाटा आणलाय, मिठासाठी वेगळा चमचा ठेवलाय आणि बाटलीवर तारखेशेजारी सहीसुद्धा करतात. सही!

परवा ऐन मीटिंगमध्ये फोन. कट केला. पुन्हा फोन. पोटात गोळा आलाच. बाहेर जाऊन घेतला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. गाजरं संपली बाजारातली. कोबीला मीठ किती?"

"पाव किलोला चहाचा एक चमचा. सपाट."

"सपाट म्हणजे बोटाने पुसून की सुरीने?"